हँडल फिरवलं की हलणारी खेळणी: 40 मुलांबरोबर कशी करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीची 40 मुलं आहेत, दोन तास मिळणार आहेत, आणि हँडल फिरवलं की वरची बाहुली नाहीतर प्राणी हलतो तसली पुठ्ठ्याची खेळणी मुलांकडून करून घ्यायची आहेत, तर साहित्य काय आणायचं, आधी काय कापून ठेवायचं आणि शेवटी सगळ्यांची खेळणी चालतील याची खात्री कशी करायची. मी गेली बारा वर्षं हा उपक्रम घेतेय, शाळांमध्ये, सुट्टीच्या शिबिरांमध्ये, एकदा तर लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलते कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. सगळ्यांची खेळणी पहिल्या झटक्यात चालावीत असं डिझाईन करू नका. मी पहिल्यांदा अगदी तेच केलं होतं. दोन रात्री बसून सगळं कापलं, भोकं पाडली, प्रत्येकाला पिशवीत सुटे भाग दिले, फळ्यावर पायऱ्या लिहिल्या, आणि तासाभरात 30 मुलांचे 30 पक्षी तयार झाले, सगळे वर-खाली व्हायला लागले, मुख्याध्यापक खूश, फोटो काढून झाले. मग निघताना मी एका मुलाला विचारलं की तुझा पक्षी वर का जातो रे, तर तो म्हणाला, "तुम्ही तसा बनवलाय म्हणून." ते उत्तर मला आजही आठवतं. त्या दिवसापासून माझी सगळी तयारी उलट बाजूनं सुरू झाली. खेळणं एकदा तरी अडकलं पाहिजे, ते का अडकलं हे मुलानं स्वतः शोधून काढायला पाहिजे, आणि ते शोधायला त्याला पुरेसा वेळ नि पुरेसं साहित्य मिळेल अशी सोय करणं हे आपलं काम.

म्हणून पहिली विनंती, दोन तास एकदम घेऊ नका. दीड-दीड तासाचे दोन दिवस मागून घ्या, मुख्याध्यापक सहसा नाही म्हणत नाहीत. पहिल्या दिवशी फक्त आतली यंत्रणा, दुसऱ्या दिवशी वरची बाहुली आणि गोष्ट. मधल्या रात्रीत फेव्हिकॉल वाळतो हा फायदा आहेच, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे मुलं घरी जाऊन विचार करून येतात. मुलं जोडीनं बसवा, म्हणजे 20 खेळणी. एकट्याला बसवलं की दांडी धरायला आणि चिकटवायला हात पुरत नाहीत, आणि तिघांत एकजण नुसता बघत बसतो. आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, पालक चालतील, डीएडचे विद्यार्थी मिळाले तर फारच छान.

आता यंत्रणा. पेटीतून एक आडवी काडी जाते, तिला बाहेर हँडल. पेटीच्या आत त्या काडीवर पुठ्ठ्याची एक चकती बसवलेली, पण भोक मध्यभागी न पाडता जरा बाजूला, हा झाला कॅम. त्या कॅमवर दुसरी एक चकती आडवी टेकलेली असते, तिला उभी दांडी असते, ती पेटीच्या छतातल्या स्ट्रॉमधून वर जाते आणि वर बाहुली. हँडल फिरवलं की कॅमची लांब बाजू वर येते तेव्हा बाहुली वर, छोटी बाजू आली की बाहुली खाली. 6 सेंटीमीटर व्यासाची चकती घेतली आणि भोक मध्यापासून 1 सेंटीमीटर बाजूला पाडलं तर लांब बाजू 4 होते, छोटी 2, म्हणजे बाहुली 2 सेंटीमीटर उचलली जाते. भोक जितकं बाजूला सरकवाल त्याच्या दुप्पट उचल. हे मुलांना सांगू नका हं, त्यांना पट्टीनं मोजू द्या, सातवीतली मुलं हा दुपटीचा हिशोब स्वतः काढतात आणि मग त्यांना त्याचं फार कौतुक वाटतं. सहावीच्या सामान्य विज्ञानात साधी यंत्रे हा धडा आहेच, त्यातला उतार आणि तरफ दोन्ही इथं हातात येतात, कॅम म्हणजे काडीभोवती गुंडाळलेला उतार आणि हँडल म्हणजे तरफ. हँडल 3 सेंटीमीटरचं लावून बघ आणि मग 7 चं लावून बघ एवढंच म्हणा, पुढचं हाताला कळतं.

साहित्यात पुठ्ठा सगळ्यात महत्त्वाचा. बुटांचा खोका आणू नका, तो पातळ असतो, वाकतो, आणि मग सगळा दोष मुलांच्या अंगावर येतो. किराणा दुकानात बिस्किटांचे नाहीतर साबणाचे खोके येतात ना, आत नळ्या-नळ्या असलेला पुठ्ठा, तोच घ्या. टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा मुलांच्या कात्रीनं कापला जात नाही. पेटी साधारण 20 सेंटीमीटर रुंद, 15 उंच, 12 खोल, पुढून-मागून उघडी, म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं आणि बोटं आत जातात. उभ्या भिंतींमध्ये पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या याव्यात, नाहीतर पेटी बसते. चारही कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे त्रिकोण चिकटवा, त्याशिवाय हँडल फिरवताना पेटीच डुगडुगते आणि मुलाला वाटतं कॅम चुकला.

काड्या म्हणजे कबाबच्या बांबूच्या काड्या, 3 मिलिमीटर जाडीच्या. टोकं आधीच पकडीनं कापून ठेवा, मुलं पेटीत डोकं घालून बघतात आणि काडी बरोबर डोळ्यांच्या उंचीला येते, हे मी कधीही मुलांवर सोडत नाही. स्ट्रॉ कागदी घ्या, प्लास्टिकच्या स्ट्रॉवर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे, आणि कागदी स्ट्रॉ फेव्हिकॉलनं चिकटतो त्यामुळे तो बराच. फिरत्या-सरकत्या दांडीला सरळ धरणाऱ्या नळीला गॅरेजमध्ये बुश म्हणतात, ते काम इथं स्ट्रॉ करतो, मुलांना बुश हा शब्द सांगा, एखाद्याचे वडील मेकॅनिक असतात आणि तो मुलगा एकदम पुढे येतो. बाकी मेणबत्तीचा तुकडा, थोडे नट आणि वॉशर, मास्किंग टेप, फेव्हिकॉल, दाभण, आणि भोक पाडताना खाली धरायला जुनी खोडरबरं. ग्लू गन ठेवायची तर एकच टेबल, तिथं मोठं माणूस बसलेलं, मुलांनी तिथं जाऊन सांगायचं कुठं थेंब हवाय. आणि एक नियम पहिल्या मिनिटाला, आधी फिरवून बघायचं, मगच चिकटवायचं. कॅम काडीवर घट्ट बसतो पण सरकवता येतो अशा अवस्थेत जितका वेळ राहील तितकं मुलं जास्त शिकतात.

आधी काय कापायचं याचं माझं उत्तर असं की पेटीचे पुठ्ठे कापून, घडीच्या रेघा मारून ठेवा, काड्या बोथट करा आणि तिथं थांबा. कॅम कापू नका. कॅमचा आकार हाच तर सगळा प्रश्न आहे, तो आपण सोडवून दिला तर मुलांना उरतं फक्त चिकटकाम. गोल, अंड्यासारखा, दोन टेंगळांचा, काहीही कापू दे. मुलं त्यांना नावं ठेवतात, लाडू, आंबा, गोगलगाय, ती नावं फळ्यावर लिहा आणि दोन्ही दिवस तीच वापरा. फक्त एक सुचवा, दोन चकत्या एकावर एक चिकटवताना नळ्यांची दिशा आडवी-उभी ठेवायची, म्हणजे कडा दबत नाही, आणि कडेला टेप गुंडाळायची.

पेटीच्या दोन्ही भिंतींना काडीसाठी भोक पाडायचं असतं तिथं एक युक्ती आहे जी मला फार उशिरा सुचली. दोन्ही भिंती एकावर एक ठेवून दाभणानं एकदमच भोक पाडायचं, पेटी जोडायच्या आधी. नाहीतर एक भोक वर, एक खाली, काडी तिरकी, आणि पुढचा अर्धा तास रडारड. भोक तळापासून 6 सेंटीमीटरवर पाडलं तर कॅम खाली घासत नाही. आणि हँडल कुठल्या बाजूला यायचं हे जोडीला ठरवू द्या, वर्गात दोन-तीन डावखुरी मुलं असतातच.

नमुने दाखवायचे का? दाखवायचे, पण त्यांच्यावर बाहुली नको. नमुन्यावर पक्षी असला की 20 पक्षी तयार होतात. मी चार उघड्या पेट्या नेते, वर फक्त दांडीचं टोक. एकीत दांडी सावकाश वर-खाली होते. दुसरीत गोगलगायीचा कॅम, दांडी हळूहळू चढते आणि धप्पकन पडते (आणि उलटं फिरवलं की अडकते, ते मुलांना सापडू द्या). तिसरीत दांडी स्वतःभोवती फिरते. चौथी पेटी मी मुद्दाम बिघडवून नेते, फिरवली की कचकन अडकते. पेट्या फिरवत सगळ्यांच्या हातात जातात आणि मी एकच विचारते, हे बघून तुम्हाला काय आठवतं? वर-खालीला मुसळ, हातपंप, झोका, भांगडा, काहीही येतं. धप्पकनला नारळ पडला, बेडूक, आजोबा खुर्चीत बसले. गोष्ट हालचालीतून यायला लागते आणि तिथून मुलं सुसाट सुटतात.

सुरुवातीला पंधरा मिनिटं जुनं हातानं चालवायचं शिवणयंत्र मिळालं तर जरूर आणा. चाक गोल फिरतं, सुई सरळ वर-खाली जाते, मधे काय होतं? सुईच्या बाजूचं झाकण काढून दाखवा. टिपूच्या वाघाचं चित्रही दाखवा, तो वाघ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, 1799 साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो नेला. लाकडी वाघ एका गोऱ्या माणसावर बसलेला, वाघाच्या अंगाला हँडल, फिरवलं की त्या माणसाचा हात हलतो, तो कण्हतो आणि वाघ गुरगुरतो. मुलं हे चित्र विसरत नाहीत. तुम्ही पुण्या-मुंबईच्या आसपास असाल आणि गणपतीचे दिवस असतील तर मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारून हलत्या देखाव्याचा मागचा पडदा उचलून मुलांना दाखवा. मोटर गोल फिरतेय आणि पुढे मावळ्याचा हात वर-खाली होतोय, हे मागून बघणं म्हणजे आमच्या सगळ्या उपक्रमाचा सारच आहे, आणि कार्यकर्ते फार प्रेमानं समजावून सांगतात.

आता अडकण्याबद्दल, कारण खरा वेळ इथंच जातो. हँडल फिरतं पण कॅम जागेवरच राहतो, हे सगळ्यात जास्त होतं, काडीवर कॅम सैल झालेला असतो, दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचे लहान चौकोन घट्ट ओवून चिकटवले की धरतो. काडी डावी-उजवीकडे सरकत असेल तर भिंतीला लागून तसेच चौकोन लावायचे. दांडी वर जाते पण खाली येत नाही, तर एकतर स्ट्रॉमध्ये फेव्हिकॉल गेलाय, किंवा दांडी फार हलकी आहे, चकतीवर दोन नट ठेवले की येते, काडीवर मेण घासलं की आणखी छान येते. आणि सगळ्यात छळणारा प्रकार म्हणजे दांडी तिरकी होऊन स्ट्रॉमध्ये रुतते. तिथं मुलं भोक मोठं करायला धावतात आणि मग ती अजून तिरकी होते. खरं कारण स्ट्रॉ आखूड आहे. 2 सेंटीमीटरचा स्ट्रॉ दांडीला सरळ धरू शकत नाही, 5 चा लावला, अर्धा छताच्या वर अर्धा खाली, की रुतणं थांबतं. दांडीवर बसलेली चकती कॅमवरून घसरून बाजूला अडकते तेव्हा चकती मोठी करायची, 5-6 सेंटीमीटर तरी हवीच.

हे सगळं तुम्हाला माहीत असू दे, पण मुलांना सांगायचं नाही. मूल पेटी घेऊन येतं आणि म्हणतं ताई चालत नाही, तेव्हा मी हात मागे बांधून उभी राहते, अगदी खरोखर मागे बांधते, आणि विचारते, हळू फिरव, जड कुठं लागतं? वरची दांडी काढून नुसता कॅम फिरव बरं, आता हलकं लागतंय का? हलकं लागलं म्हणजे भानगड वर आहे, खाली नाही. एवढं एक वेगळं काढून बघायची सवय लागली की मुलं पुढचा बिघाड न विचारता शोधतात. मदतीला येणाऱ्या मोठ्यांना मी एकच सूचना देते, मुलाच्या हातातलं खेळणं आपल्या हातात घ्यायचं नाही. पालकांना हे फार जड जातं. एका बाबांनी एकदा मुलाची अख्खी पेटी दुरुस्त करून दिली, पेटी झकास चालली, आणि मुलगा जाऊन खिडकीत उभा राहिला.

एक प्रसंग सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते नीट पोचेल. सातवीतल्या एका मुलीला मुसळ करायचं होतं, आजी उखळात मिरच्या कांडतेय असं. तिनं कॅम छान गोल कापला होता, भोक बाजूला, सगळं बरोबर, पण हँडल फिरवलं की मुसळ वर-खाली तर व्हायचंच आणि शिवाय गरागरा फिरायचं. ती वैतागली. कॅम चकतीच्या मध्याखाली नसून जरा उजवीकडे सरकला होता, त्यामुळे कडेला घासून चकतीला फिरवत होता. मी काही बोलले नाही, नुसतं म्हटलं, खालून बघ कॅम कुठं टेकतोय. तिनं पेटी डोळ्यांसमोर धरली, कॅम बोटानं जरासा डावीकडे सरकवला, मुसळ उलट्या बाजूला फिरायला लागलं. मग बरोबर मध्ये आणला, फिरणं बंद. मग पुन्हा उजवीकडे नेला. असं तिनं चार-पाच वेळा केलं, जोडीदारीण म्हणत होती अगं झालं ना आता चिकटव, पण ही ऐकेना. मग तिनं हँडल पूर्ण न फिरवता नुसतं पुढे-मागे पुढे-मागे केलं आणि एकदम ओरडली, "ताई, ही तर रवी आहे!" ताक घुसळताना रवी अशीच अर्धी इकडे अर्धी तिकडे फिरते. मिरच्या आणि उखळ बाजूला गेलं, दुसऱ्या दिवशी घरून आईच्या जुन्या साडीचा तुकडा आणून तिनं ताक घुसळणारी बाई केली, आणि वर-खाली होणं कमी व्हावं म्हणून नवा कॅम कापला, भोक जवळजवळ मध्यात. हे मी तिला शिकवू शकले असते का? दोन मिनिटांत. पण मग तो कॅम तिचा झाला नसता, आणि ती रवीही.

त्यामुळे दुसऱ्या दिवसासाठी वेगळं साहित्य काढून ठेवा, चिंध्या, जुन्या पत्रिका, लोकर, वर्तमानपत्र, नारळाच्या शेंड्या. थर्माकोल नको, हलका असतो पण भुगा होतो आणि वर्गभर उडतो. बाहुली हलकी करायला सांगा, जड डोकं असलं की दांडी एका बाजूला झुकते. हात-पाय दोऱ्यानं लटकते ठेवले तर आतल्या एकाच हालचालीवर वर चार हालचाली होतात, हे मुलांना फार आवडतं. ज्यांचं लवकर झालं त्यांना म्हणायचं त्याच काडीवर दुसरा कॅम बसव, एक वर असताना दुसरा खाली येईल असा, मग कोंबड्या दाणे टिपतात किंवा दोन पैलवान झोंबतात. कॅमऐवजी सायकलची स्पोक वाकवून केलेला क्रँक पहिल्या वेळी घेऊ नका, तार वाकवायला ताकद लागते आणि एका रेषेत आली नाही तर काहीच फिरत नाही, तो आठवी-नववीसाठी ठेवा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम संग्रहालयातल्या टिंकरिंग स्टुडिओनं पुठ्ठ्याच्या या खेळण्यांचा उपक्रम खूप लोकप्रिय केलाय, माझीही सुरुवात तिथलं बघूनच झाली. पण साहित्याच्या बाबतीत माझे गुरू अरविंद गुप्ता, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबसारख्या वस्तूंमधून खेळणी केली. जे गावात मिळत नाही ते उपक्रमात ठेवायचं नाही ही शिकवण तिथली. तुमच्याकडे कबाबच्या काड्या मिळत नसतील तर सुताराकडून बांबू तासून घ्या, मिळतात. आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर असाल तर पावसाळ्यात करू नका, पुठ्ठा ओल धरतो, भोकं सैल होतात, स्ट्रॉ मऊ पडतात. दिवाळीनंतर करा.

मार्क द्यायचेत का असं तुम्ही विचारलंय. देऊ नका असं मनापासून सांगेन, पण शाळेला काहीतरी नोंद लागतेच हे मला माहितीय, तर प्रत्येक पेटीच्या मागे एक चिठ्ठी चिकटवायला लावा, त्यावर दोनच गोष्टी, कुठं अडकलं होतं आणि काय केल्यावर सुटलं. शेवटची वीस मिनिटं जोड्यांनी ती चिठ्ठी वाचून दाखवायची आणि बाकीच्यांनी खेळणं फिरवायचं. ज्यांचं अजून चालत नाही त्यांनीही वाचायचं, कुठंपर्यंत पोचलो ते, आणि त्या वेळी वर्गातून हमखास दोन-तीन जण उठून सुचवायला लागतात.

खेळणी शाळेच्या कपाटात ठेवू नका, घरी नेऊ द्या. पंधरा दिवसांनी एका शनिवारी परत आणायला सांगा. बऱ्याच कॅमच्या कडा झिजलेल्या असतील, हँडल तुटलेली असतील, एखादं लहान भावानं चिरडलेलं असेल. सगळ्यात जास्त झिजलेलं खेळणं कुणाचं ते जरूर बघा, त्या घरात ते सगळ्यात जास्त फिरवलं गेलंय. त्या दिवसासाठी एक खोका पुठ्ठा, थोडे स्ट्रॉ आणि फेव्हिकॉलची अर्धी बाटली आत्ताच बाजूला काढून ठेवा, नंतर शिल्लक राहत नाही.